एका पायाच्या मोराची बरणी

बोरसेनानांची आणि माझी ओळख झाली ती टेबलभर सांडलेल्या बिस्किटांवरून.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. जळगावच्या मोजणी ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. दुपारच्या चहाबरोबर सगळ्यांना तोंडात टाकायला काहीतरी हवं असायचं, म्हणून मी घरची एक चिनी मातीची बरणी आणून कपाटावर ठेवली आणि तिच्यात बिस्किटं भरली. बरणीचा मला भारी अभिमान. तपकिरी खांदे, पिवळसर पोट, झाकणाला कैरीएवढी गाठ. धुळ्याच्या बाजारात ती विकणाऱ्याने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की शंभर वर्षांची आहे, आणि माझं ते अख्ख्या ऑफिसला सांगून झालं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेला, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक उंच माणूस आत आला. कोणाशी बोलला नाही की माठाकडे वळला नाही. थेट कपाटाकडे गेला, बरणीचं झाकण काढून बाजूला ठेवलं आणि बरणी उलटी केली. बिस्किटं काढायचं काही त्याच्या ध्यानात आलं नाही. नुकत्याच टाईप केलेल्या माझ्या कागदांवर, शिक्क्याच्या शाईवर, माझ्या मांडीत, जिकडे तिकडे बिस्किटं. त्याने बोट जिभेवर ओलं करून बरणीच्या बुडावर टेकवलं, नखाने टिचकी मारली, कान लावून ऐकलं आणि जाहीर केलं, "नवी शे."

"अहो, बिस्किटं!" मी ओरडले.

"बिस्किटेस्ले काय व्हयनं? बिस्किटं ठेवाले चांगली शे ना हाई." मग माझा चेहरा पाहून त्यांना भान आलं असावं. पुढचं वाक्य त्यांनी शुद्धात म्हटलं. "माफ करा हं ताई. आधी बूड बघायची खोड आहे." आणि खाली बसून एकेक बिस्किट फुंकर मारून परत भरलं. मोडलेली स्वतः खाल्ली.

हे पंडित बोरसे, आमचे भूकरमापक. म्हणजे शेतजमिनी मोजणारे. शिंदखेड्याकडचे, पण नोकरी सगळी जळगावात गेली. साखळी, खुंट्या आणि झेंड्या घेऊन आठवड्यातले चार दिवस गावोगाव हिंडायचे आणि पाचव्या दिवशी नकाशे काढायला ऑफिसात बसायचे. ऑफिसात बोलणं अगदी छापील. बरणी समोर आली की मात्र अहिराणी. तेव्हा भाषेवरूनच कळायचं, नाना कामात आहेत की मनात.

मोजणी संपली, दोन्ही बाजूंच्या भावाबंदांचं भांडून झालं, चहा आला, की नाना घरातल्या म्हातारीला हाक मारायचे. "माय, तुनी लोनचानी बरनी दखाडशी का?" सरकारी माणूस सैपाकघरातली बरणी मागतो म्हटल्यावर पहिल्यांदा लोक घाबरायचे. एका गावात तर बरणी जप्त होणार अशी आवई उठली आणि बायकांनी आळीतल्या सगळ्या बरण्या कडब्याच्या गंजीत लपवल्या. नानांनी ही हकीकत सांगावी आणि आम्ही हसावं, असं महिन्यातून एकदा तरी व्हायचं. पण पुढे पारोळा, एरंडोल, शिंदखेडा सगळीकडे त्यांचं नाव 'बरणीवाले नाना' असंच झालं. मोजणीसाहेब म्हणून विचारलं तर कोणी ओळखत नसे.

आधी बूड बघायचं, तोंड मागून, हा त्यांचा एकच नियम आणि तो सगळ्याला लागू. पुस्तक शेवटच्या पानापासून चाळायचे. वांगी देठाकडून न बघता खालून बघायचे. माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं तेव्हा मी मुलाचा फोटो ऑफिसात दाखवायला आणला, तर म्हणाले, "फोटोचं काय करू? त्याच्या चपला कशा झिजल्यात ते बघून या." मी रागावले. पण बघायला गेलो तेव्हा उंबऱ्याबाहेरच्या चपलांकडे माझी नजर गेलीच. एक टाच पार झिजलेली आणि दुसरी कोरी होती. तो मुलगा पुढे बहिणीचा नवरा झाला आणि एका जागी कधी स्थिर राहिला नाही, हे नानांपाशी मी आजपर्यंत कबूल केलं नाही.

माझी बरणी विकणारा धुळ्याचा गुलाबशेठ. त्याला जाब विचारायला मी नानांना मुद्दाम घेऊन गेले. वाटलं, आता जुंपणार. कसलं काय! दोघं जुने व्याही भेटावेत तसे भेटले. गुलाबशेठचं दुकान म्हणजे जुन्या दिव्यांचं, पलंगाच्या पायांचं आणि बरण्यांचं जंगल. त्या दिवसांत जळगावच्या नव्या कॉलन्यांमधून शोकेसचं खूळ आलं होतं. शोकेसमध्ये जुनी बरणी आणि तिच्यात प्लास्टिकची फुलं, ही तेव्हाची फॅशन. जुन्या पुरेनात म्हणून गुलाबशेठ गुजरातेतून नव्या करवून आणायचा. चहाच्या चोथ्यात उकळायचा, उकिरड्यात पुरायचा, वर तेल-हिंग चोळायचा. त्याने हे सगळं आम्हाला स्वतःच सांगितलं, आणि नाना एखाद्या गवयाला दाद द्यावी तशी मान डोलावत होते.

येताना एसटीत मी फणफणले. "तुम्ही त्याला बोलला का नाहीत?"

"हात चांगला आहे त्याच्या कुंभाराचा," नाना म्हणाले. "फक्त फार सावध आहे. नक्कल करणारा चुकायला घाबरतो, ताई. ज्याने स्वतःच्या मनाने पहिल्यांदा केली तो बिनधास्त चुकून ठेवतो. मी ती चूक शोधत असतो."

मी म्हटलं, बिस्किटं दोन्हींत सारखीच राहतात. मग मला काय फरक पडतो? त्यावर आमचा वाद झाला आणि तो पुढे बरीच वर्षं चालला. मी हट्टाने आणखी दोन नव्या बरण्या घेतल्या, निळ्या फुलांच्या. नाना मला 'नवीवाल्या ताई' म्हणायला लागले. मी त्यांना 'बूडबघे' म्हणायचे. तोंडावर नाही, पण त्यांना माहीत होतं.

नानांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा थक्क झाले. दोन खोल्यांचं घर आणि भिंतभर फळ्यांवर चाळीसेक बरण्या. पोटाळ्या, उंच मानेच्या, मुठीएवढ्या, लहान पोर मावेल एवढ्या. एकीवरही धूळ नाही. दर रविवारी नाना स्वतः पुसत. मोजणीच्या जुन्या फिल्डबुकात प्रत्येकीचं चित्र, उंची, घेर, खुणा, सगळं बारीक अक्षरात. शेवटच्या रकान्यात एका बाईचं नाव. नानांचा नेमच होता तो. बरणी बाईच्या हातून घ्यायची. पुरुष देत असेल तर घ्यायची नाही, बाई वापरत असेल तर मागायचीही नाही. "घरातली बाई म्हणाली की आता हिचं काम संपलं, ने बाबा, तरच," असं ते सांगत.

हे ऐकताना नानांच्या पत्नी, कमलवहिनी, चहा गाळत होत्या. त्यांनी आतूनच मला हाक मारली. "ताई, आठे या. हाई देखा." सैपाकघराच्या कोनाड्यात औषधाची असावी तशी एक काचेची बाटली आणि तिच्यात लोणचं. "चाळीस बरन्या घरमा, आनि लोनचं बाटलीमा. लोकेस्ले सांगू तरी काय?"

एकाही बरणीत चिमूटभर मीठसुद्धा घालायला नानांची परवानगी नव्हती. तेल मुरतं, डाग पडतो, झाकण घासतं. वहिनींनी लग्नानंतर एकदा एका बरणीत हळद भरली तर नाना दोन दिवस जेवले नाहीत म्हणे. मला तेव्हा वहिनींची दया आली आणि नानांचं हसू.

मग मोराची बरणी आली. एका सोमवारी नाना ऑफिसात आले तेच अहिराणी बोलत. मी ओळखलं, काहीतरी मोठं हाती लागलंय. संध्याकाळी सगळ्या ऑफिसला घरी नेलं. मधल्या फळीवर, बरोबर मध्यावर ती ठेवली होती. दुधी रंगाची, हातभर उंच, पोटावर निळा मोर. मोराच्या बरण्या जुन्या घरांतून अधूनमधून दिसत, गुलाबशेठ त्यांच्या नकलाही विकायचा. पण या मोराला एकच पाय होता. रंगवणाऱ्याचा कुंचला घाईत पुढे गेला आणि दुसरा पाय राहूनच गेला. नाना त्या न काढलेल्या पायाच्या जागी बोट ठेवून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, हाई चूक कोनी मुद्दाम करी का?" मी नवीवाली, पण त्या दिवशी मीसुद्धा वाद घातला नाही. खरोखर देखणी होती.

फिल्डबुक चाळताना मात्र मला त्या पानावरचा शेवटचा रकाना कोरा दिसला.

"नाव राहिलं, नाना."

"गुलाबशेठकडून घेतली," ते दुसरीकडे बघत म्हणाले. "त्या घरातली म्हातारी वारली म्हणे. कोणाच्या हातून घेणार?"

मी विषय वाढवला नाही. पण नेम मोडला होता हे मलाही कळलं आणि त्यांनाही.

दोन वर्षं मोर मधल्या फळीवर राहिला. मग एका मे महिन्यात नाना एरंडोलच्या पुढच्या एका गावी मोजणीला गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन. नकाशा काढताना त्यांनी तीनदा रेघ चुकवली. कपाटावरच्या माझ्या बरणीकडे फिरकले नाहीत. घरी विचारलं तर वहिनी म्हणाल्या, मोरासमोर खुर्ची टाकून बसतात आणि पुसत काही नाहीत. आठ दिवस असे गेले. नवव्या दिवशी दुपारच्या सुट्टीत ते माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि सगळं सांगितलं.

जिजाअक्का नावाच्या म्हातारीच्या मुलाचं, भगवानचं, शेत मोजायचं होतं. मोजणी झाली, चहा आला. आत अक्का सुनेला टोचून बोलत होत्या ते ओसरीपर्यंत ऐकू येत होतं. कैऱ्यांचे दिवस तोंडावर आले होते आणि अक्का म्हणत होत्या की औंदा तू बरणीच्या वाऱ्याला उभी राहू नको. नानांनी विचारलं तेव्हा अक्कांनी गाऱ्हाणंच मांडलं. "दोन साल व्हयनात, लोनचं बुरसी जास. चाळीस साल मनं लोनचं कधी बुरसं नही. हाई विटाळमा हात लावस, आखो काय!" सून सुनंदा दाराशी मान खाली घालून उभी होती. गोष्ट आळीभर झाली होती. त्या उन्हाळ्यात बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, लाटायला तिला कोणीही बोलावलं नव्हतं, आणि खानदेशात उन्हाळ्यात बिबडे लाटायला न बोलावणं म्हणजे बाईला वाळीत टाकण्यासारखंच. आता अक्का तिला माहेरी धाडायचं बोलत होत्या.

नानांनी सवयीने बरणी मागितली. मोराची होती. सवयीने बूड बघितलं, बोट ओलं करून टेकवलं. बोट चिकटलं. कच्ची भाजलेली, नवी, गुलाबशेठची. मोराला दोन पाय, अगदी नीट काढलेले. नानांच्या ओठावर 'नवी शे' आलं होतं, तेवढ्यात अक्का बोलायला लागल्या. डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे बरणीकडे न बघताच बोलत होत्या.

"मनी मायनी दिधेल शे, लगीनमा. त्यावर मोर शे ना, त्याले एकच पाय शे. मी मायले ईचारं, दुसरा पाय कोठे गया? ती म्हने, पोटखाले लपाडेल शे, थकी गया व्हई."

"आणि भगवान?" मी विचारलं.

"तो बरणीकडे बघत नव्हता," नाना म्हणाले. "माझ्या तोंडाकडे बघत होता. बांध कोरणारा माणूस मोजणीच्या वेळी साखळीकडे कधी बघत नाही ताई, तो असाच माझ्याकडे बघतो."

आयुष्यात पहिल्यांदा नाना खोट्या बरणीला खोटी म्हणाले नाहीत. निघताना सुनंदाला एवढंच सांगितलं की रिकामी बरणी पाण्याने भरून चुलीतल्या कोरड्या राखेवर ठेव आणि रोज राखेकडे बघत जा. आणि घरी येऊन आठ दिवस मोरासमोर बसले.

"नुसतं सांगूनही भागलं असतं," ते खाली बघत म्हणाले. "की बरणी पाझरते, मीठपाणी निघून जातं, म्हणून लोणचं बुरसतं. सुनेवरचा आळ गेला असता. माझी बरणी माझ्याकडे राहिली असती. आठ दिवस मी हेच मनाशी घोकतोय."

मग त्यांनी मला बरोबर यायला सांगितलं. दुसऱ्याच्या सैपाकघरात पुरुषमाणूस एकटा कसा शिरणार, हे कारण दिलं. मला वाटतं, वाटेत परत फिरावंसं वाटलं तर कोणीतरी सोबत असावं, हे खरं कारण होतं.

एसटीत ते गोधडीत गुंडाळलेली बरणी मांडीवर घेऊन बसले. खड्डा आला की दोन्ही हातांनी उचलून धरायचे. कंडक्टर ओळखीचा. म्हणाला, "नाना, कोनं लेकरू शे?" नाना हसले नाहीत. "पोर शे. तिना घर पोचाडाले जाई ऱ्हायनू," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर केळीच्या बागा जात होत्या.

भगवानच्या घरी कैऱ्या चिरून झाल्या होत्या. सुपात मोहरीची डाळ, परातीत फोडी. आम्हाला बघताच सुनंदा पुढे आली. घाईघाईने, जणू कोणी तिला पुन्हा गप्प करेल म्हणून. "नाना, राखना चिखल व्हयी गया! दररोज नवी राख टाकस, दररोज चिखल." ती खरंच मूठभर ओली राख घेऊन आली होती. शेजारच्या दोघीतिघी दारात जमल्या.

नानांनी गोधडी सोडली आणि बरणी अक्कांच्या पुढ्यात ठेवली. अक्कांना धड दिसत नव्हतं. त्यांनी हात लावला. काठावरून बोटं फिरवली, मग हात आत घातला, मानेच्या खाली आतल्या बाजूला. तिथे भट्टीत पडलेला तांदळाएवढा खडा होता. नानांच्या फिल्डबुकात त्याची नोंद नव्हती. चाळीस वर्षं त्या बरणीत हात घालणाऱ्या बाईलाच तो ठाऊक. अक्कांचं बोट तिथे थांबलं.

"हाई मनी शे," त्या म्हणाल्या. मग मोठ्याने, "हाईच मनी शे!" आणि राखेवरच्या बरणीकडे हात करून, "मंग ती कोनी शे?"

फळीवर विणलेल्या रुमालाखाली एक टेपरेकॉर्डर होता. माझी नजर त्याच्याकडे गेली, मग नानांची, आणि मग भगवान उंबऱ्यावरून आत आला. भला दांडगा माणूस, पण भिंतीला टेकून उभा राहिला.

"माय, मीच दिधी. टेपना बदलामा. धुयाना शेठनी तेवढीच दुसरी दिधी, म्हने माय ओळखाव नही." सुनंदाकडे त्याने बघितलंच नाही. दोन वर्षं बायकोवर आळ येत होता आणि हा टेपवर गाणी ऐकत होता. मला त्याला चार शब्द सुनावायचे होते. नानांनी माझ्या हाताला नुसता हात लावला.

अक्का मुलाकडे पाठ करून नानांकडे वळल्या.

"नाना, तुम्ही हाईमा काय ठेवं व्हतं?"

"काहीच नही, अक्का."

"दोन साल उपाशी ठेवी?"

त्या ओरडल्या नाहीत. बरणीच्या पोटावरून हात फिरवत, उपाशी जनावराबद्दल विचारावं तसं विचारलं. नानांची मान खाली गेली. साहेबांपुढे, वकिलांपुढे, कोणापुढे न झुकलेली मान त्या सैपाकघरात झुकलेली मी पाहिली.

मग अक्कांनी दाराकडे तोंड केलं. सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुनंदा, हात धू. मीठ लई ये."

सुनंदाने हात धुतले. मीठ आणताना तिच्या बांगड्या वाजत होत्या. पहिला थर तिच्याच हातून पडला. मी डोळे पुसले, दारातल्या बायकांनीही पुसले. आणि त्यातलीच एक, बहुतेक सगळ्यांत जास्त बोलणारी, म्हणाली, "उद्या मनाकडे बिबडा लाटाले येजो वं."

निघताना भगवानने ती दोन पायांच्या मोराची बरणी फोडायला उचलली. नानांनी त्याच्या हातातून घेतली आणि त्याच गोधडीत गुंडाळली.

घरी येऊन त्यांनी फिल्डबुक उघडलं. कोऱ्या रकान्यात लिहिलं, जिजाअक्का. मग रद्द मोजणीवर मारतात तशी त्या पानावर एक तिरपी रेघ मारली. मधल्या फळीवर मोर होता तिथेच नकली मोर ठेवला. नंतर वहिनींना हाक मारली आणि विचारलं, "कैऱ्या मिळतीन का अजून?"

त्या उन्हाळ्यात बोरसेनानांच्या घरी चाळीस बरण्यांचं काय काय भरणं चाललं होतं ते सांगत बसले तर संपणार नाही. लोणची, मीठ, चिंच, कुरडया, बिबडे, हळद, सांडगे. वहिनी फुलून गेल्या होत्या. ऑफिसात आम्हा सगळ्यांना लोणचं मिळालं, त्यानंतर दर वर्षी मिळत राहिलं. काही बरण्यांना तेलाचे डाग पडले. नाना रविवारी पुसायचे, पण डाग घासायचे नाहीत. जमवणं तिथेच थांबलं. गावोगाव बरण्या बघत, बूडही बघत, पण मागत नसत.

आमचा वाद मात्र मी सोडला नाही. "काय नाना, नव्या बरणीला मधली जागा?" असं मी जाता येता टोचायचे. ते नुसते हसायचे. उत्तर मिळायला मला पुष्कळ वर्षं थांबावं लागलं.

नव्वदच्या दशकात ते निवृत्त झाले आणि गावी, शिंदखेड्याकडे, निघाले. निरोप द्यायला मी सकाळीच गेले. दारात टेम्पो उभा. मागे कडबा आणि कापूस अंथरून बरण्या लावलेल्या, सगळ्या भरलेल्या, तोंडाला फडकी बांधलेली. हमाल कुरकुरत होते की रिकाम्या करून दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं. वहिनी पुढे बसल्या होत्या. नाना त्यांच्या शेजारी, दाराकडच्या बाजूला, आणि मांडीवर त्याच गोधडीत गुंडाळलेली बरणी. गोधडीतून निळ्या मोराचे दोन्ही पाय दिसत होते.

मला राहवलं नाही. "नाना, अस्सल सगळ्या मागे कडब्यात, आणि नक्कल मांडीवर?"

"त्या बठ्ठ्या पक्क्या शेत, ताई. धक्का बसना तरी ऱ्हातीन." त्यांनी गोधडी नीट केली. "हाई कच्ची शे. हाईलेच मांडीवर लेनं पडस."

मग झाकण काढून बरणी खिडकीतून माझ्यापुढे धरली. आत बिस्किटं होती. मी एक घेतलं. टेम्पो सुरू झाला, गचका बसला, आणि नानांनी दोन्ही हातांनी बरणी पोटाशी धरली. वळण येईपर्यंत मला त्यांचा तो उचललेला कोपर दिसत होता.